तीन चतुर्थांश नेमका राहतो कुठे?

"मॅडम, गोलाचे भाग रंगवायला सांगितले की सगळं बरोबर. संख्यारेषा आली की सगळं चूक. हिला लर्निंग डिसॅबिलिटी तर नसेल ना?" चौथीतल्या मुलीच्या आईनं वही माझ्यापुढे सरकवली. हीच काळजी घेऊन याआधीही कितीतरी पालक येऊन गेलेत.

वहीत ३/४ चा ठिपका ३ आणि ४ च्या मधोमध बसला होता. त्यावर लाल फुली. खाली २/३ चा ठिपका २ आणि ३ च्या मध्ये, पुन्हा फुली.

"इथे का गं ठेवलास?"

"यात तीन आहे आणि चार आहे. मग त्यांच्यामध्येच ना?"

तर्क चुकलेला, पण होता चोख. गंमत अशी, की "लक्ष देत नाहीस" हे तिला अनेकदा ऐकवून झालं होतं, "इथे का?" हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. गोल रंगवताना एकूण चार भाग, त्यातले तीन रंगवायचे, असं दोनदा मोजलं की भागतं. ३/४ ही स्वतंत्र, एकच संख्या आहे हे तिथे कळलं नाही तरी चालतं. रेषेवर तिला एकच जागा द्यावी लागते आणि पोल तिथे उघडी पडते.

मी कागदावर ० ते ३ ची रेषा काढली आणि ० ते १ एवढ्याच लांबीची एक पट्टी कापून तिच्या हातात दिली. "अर्धी दुमड. परत अर्धी. आता उघड. किती भाग झाले?"

घड्यांवर बोट टेकवत तिनं मोजलं, "तीन."

मी गप्प बसले. आई बोलायला गेली, तिला हातानंच थांबवलं. (मूल थांबलं की आपल्याला राहवत नाही. मलाही कुठे राहवायचं!) मुलीनं पट्टी उजेडात धरली, पुन्हा बोट फिरवलं. "अय्या, घड्या तीन, पण घरं चार!" मग स्वतःच वहीचं मागचं पान उलटलं. तिथे चार भाग करायला म्हणून तिनं ० आणि १ च्या मध्ये चार रेघा मारल्या होत्या आणि भाग झाले होते पाच. न सांगता एक रेघ खोडली. उरलेल्या तीन वेड्यावाकड्याच राहिल्या. ते मी सोडून दिलं, एका दिवसात एकच गाठ सोडवावी.

पट्टी रेषेखाली ठेवली. "शून्यावर उभी राहा. प्रत्येक घर म्हणजे एक उडी."

तिसऱ्या उडीला ती थबकली. "एकच्या आतच? मग तीन कुठे गेला?" आणि लगेच, "हां, तीन म्हणजे उड्या!"

मी ५/४ विचारलं. पट्टी संपली, तिनं दुसरी जोडली. "हा तर सव्वा!" पाव, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन. पावणेदोन म्हणजे पाव कमी दोन. मराठीनं रेषेवरची जागा शब्दातच सांगून ठेवली आहे. ही मुलगी घड्याळ बघून पावणेपाच अचूक सांगायची, फक्त ते आणि हे एकच आहे हे तिला कुणी दाखवलं नव्हतं.

आता आईचा प्रश्न. एवढ्यावरून मुलीला लेबल लावू नका, असंच मी सांगितलं. अपूर्णांक नवे असताना पुष्कळ मुलं नेमक्या याच चुका करतात. वस्तू मोजणं, दोन लहान संख्यांतली मोठी ओळखणं, सोप्या बेरजा असं सगळीकडेच अडत असेल आणि नीट मदत करूनही निदान ६ महिने ते तसंच राहिलं, तर तज्ज्ञांकडून तपासणी जरूर करावी. हिच्या बाबतीत तसं काही दिसत नव्हतं. घरी रोज दहा मिनिटं पट्ट्या दुमडा, आणि चूक खोडण्याआधी "इथे का?" एवढं विचारा.

आमचं बोलणं होईतो मुलीनं पट्टी आणखी एकदा दुमडली होती. आठ घरं. सहा उड्या मारून ती जुन्याच ठिपक्यावर येऊन थांबली आणि वैतागून माझ्याकडे बघायला लागली.

"जागा तीच आली. मग आता पेपरात लिहू काय, ३/४ की ६/८?"