वारा, आग आणि देवदूत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : स्तोत्र १०४:४ मध्ये देव वाऱ्यांना आपले दूत आणि अग्निज्वालांना आपले सेवक करतो, असे आहे. इब्री १:७ मध्ये हेच वचन उलटे होऊन येते. तिथे देव दूतांना वारे करतो. मग वारा म्हणजेच देवदूत समजायचा का?

उत्तर : नाही. स्तोत्र १०४ हे सृष्टीचे स्तोत्र आहे. दुसऱ्या ओळीपासून वाचत आलात की प्रकाशाचे वस्त्र, आकाशाचा तंबू, मेघांचा रथ, वाऱ्याचे पंख अशी रांगच लागते आणि चौथी ओळ त्या रांगेतली आहे. तिथे विषय वाऱ्याचाच. इब्री पत्राच्या लेखकापुढे स्तोत्रांचे ग्रीक भाषांतर होते आणि त्यात या ओळीची मांडणी ‘दूतांना वारे करतो’ अशी आहे. त्याला हवामान सांगायचे नाही, तुलना करायची आहे : दूत हुकमाप्रमाणे रूप बदलणारे चाकर, तर पुत्राचे, म्हणजे येशूचे, सिंहासन युगानुयुगाचे (१:८). दोन्ही वचने आपापल्या जागी बरोबर आहेत. गोंधळ होतो तो एकाचा अर्थ दुसऱ्यावर लादल्यामुळे.

प्रश्न : तांबडा समुद्र वाऱ्याने दुभंगला की देवदूताने? आमच्या अभ्यासगटात यावरून दोन तट पडले आहेत.

उत्तर : निर्गम १४ मधल्या १९ ते २८ या ओळी मध्ये न थांबता वाचा, वाद बराचसा तिथेच मिटेल. ओळ १९ : इस्राएलाच्या पुढे चालणारा देवदूत मागे येतो, मेघस्तंभही मागे येतो. ओळ २० : तो मेघ दोन छावण्यांच्या मधे रात्रभर उभा राहतो, कोणीच कोणाजवळ जाऊ शकत नाही. ओळ २१ : मोशे हात उगारतो आणि परमेश्वर रात्रभर पूर्वेचा जोराचा वारा वाहवून पाणी हटवतो. म्हणजे कामे सरळ वाटून दिलेली आहेत. पिछाडीच्या बंदोबस्तात दूत दिसतो, पाण्याचे काम वाऱ्याकडे. दूताने पाण्याला हात लावल्याचे कुठेही लिहिलेले नाही. आणि वाऱ्यालाही रात्र लागते; पडद्यावर पाणी क्षणात भिंतीसारखे उभे राहते, तो सिनेमावाल्यांचा उत्साह.

याच पुस्तकात चार अध्याय मागे जा. पूर्वेचा वारा एक दिवस आणि एक रात्र वाहतो, सकाळी टोळ येतात (१०:१३). पश्चिमेचा वारा त्यांना उचलून समुद्रात टाकतो, एकही उरत नाही (१०:१९). बायबलमध्ये दिशा उगाच दिलेली नसते. त्या मुलखात पूर्वेकडे वाळवंट, म्हणून पूर्वेचा वारा कोरडा; फारोच्या स्वप्नातली कणसे त्यानेच करपतात (उत्पत्ती ४१:६). पाऊस येतो पश्चिमेच्या समुद्रावरून. एलीयाचा सेवक कर्मेल डोंगरावरून समुद्राकडे पाहतो आणि सातव्या खेपेला त्याला तळहाताएवढा ढग दिसतो (१ राजे १८:४४). वसई-अलिबागच्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

योनाच्या पुस्तकात तर देवदूत एकदाही येत नाही. मासा, सावलीची वेल, वेल कुरतडणारा किडा आणि पूर्वेचा झळांचा वारा, चौघांनाही देव थेट नेमतो. याच्या उलट २ शमुवेल २४ : तीन दिवसांची मरी, सत्तर हजार मृत आणि त्याच मरीमागे हात उगारलेला दूत. तेव्हा नियम एकच ठेवा : जिथे दूत लिहिला आहे तिथे दूत वाचा, जिथे नुसता वारा लिहिला आहे तिथे आपल्या पदरचा दूत घालू नका.

प्रश्न : पाऊस, गारा, वीज यांवर एकेक देवदूत नेमलेला असतो, त्यांची नावेही असतात, असा मजकूर फोनवर फिरतो. खरे काय?

उत्तर : ही कल्पना जुनी आहे, पण तिचे मूळ बहुतेक चर्चच्या बायबलबाहेरचे. जुबिली नावाच्या प्राचीन यहुदी ग्रंथात (२:२) अग्नी, वारे, मेघ, बर्फ, गारा, मेघगर्जना यांच्या दूतांची यादीच आहे. इथिओपियाचे ऑर्थोडॉक्स चर्च हा ग्रंथ पवित्र मानते. प्रकटीकरणात मात्र जवळ जाणारे उल्लेख सापडतात : चार वारे धरून ठेवणारे चार दूत (७:१), अग्नीवर अधिकार असलेला (१४:१८), जलांचा दूत (१६:५). त्यांतल्या कोणाचेही नाव दिलेले नाही. प्रॉटेस्टंट बायबलात नावाने येणारे दूत दोनच, मीखाएल आणि गब्रीएल. कॅथलिक बायबलात तोबीतच्या पुस्तकामुळे राफाएलही. तिघांपैकी एकाकडेही हवामान खाते नाही.

प्रश्न : मग पावसासाठी दूताची आराधना करावी का?

उत्तर : शास्ते १३ पाहा. शमशोनाचा बाप मानोहा करडू शिजवून दूतापुढे ठेवू पाहतो. दूत म्हणतो, मी खाणार नाही. होम करायचाच तर परमेश्वराला कर. मग वेदीवरून ज्वाला उठते आणि दूत त्या ज्वालेतूनच वर जातो. अग्नी आणि दूत इतके जवळ आलेले असताना अर्पण मात्र दोघांपैकी कोणाचेच नाही. प्रकटीकरण २२:९ मध्येही पाया पडणाऱ्या योहानाला दूत थांबवतो. कॅथलिक परंपरेत दूतांकडे मध्यस्थीची विनंती करतात. ती आराधना नव्हे.

प्रश्न : गारपिटीत शेजाऱ्याची द्राक्षबाग गेली. ही देवाची शिक्षा, असे कोणी म्हणाले. आपण काय म्हणावे?

उत्तर : काही म्हणू नये, पंचनाम्याला सोबत जावे. ईयोब ३७:१३ मध्ये मेघ पाठवण्याची तीन कारणे दिली आहेत : शासन, भूमीचे हित, दया. समोरच्या ढगामागे कोणते, ते दिलेले नाही. ईयोबाची मुले ज्या घरात होती ते वाळवंटाकडच्या वादळाने पडले. मित्रांनी त्याचे पाप शोधले आणि शेवटी देवाने त्या मित्रांनाच दोष दिला (४२:७). शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांबद्दल येशूचे उत्तरही याच वळणाचे आहे (लूक १३:४).

प्रश्न : तासाभराच्या अभ्यासवर्गात हा विषय कसा बसवावा?

उत्तर : सहा उतारे पुरेत, प्रत्येकी दहा मिनिटे. निर्गम १४:१९-२८, २ शमुवेल २४:१५-१६, १ राजे १९:५-१२, योना ४:६-८, मार्क ४:३७-४१ आणि प्रकटीकरण ७:१-३. कागदावर चार रकाने आखा : कोणी पाठवले, कोण गेले, काय केले, कुठे थांबले. चौथा रकाना लोक रिकामा सोडतात, तो भरून घ्या. शमुवेलात ‘पुरे’ असा शब्द येतो, प्रकटीकरणात देवाच्या सेवकांच्या कपाळांवर शिक्के मारून होईपर्यंत वारे अडवलेले असतात.

प्रकटीकरणाने सुरुवात करू नका. चौथ्या ओळीतले शिक्का मारलेले एक लाख चव्वेचाळीस हजार लोक निघाले की तास तिथेच संपतो. १ राजे १९ मध्ये वारा, भूकंप, अग्नी यांत परमेश्वर नव्हता, एवढेच वाचून कोणी ‘देव निसर्गात नसतोच’ असा निष्कर्ष काढील. त्याला निर्गम १९:१८ दाखवा : तिथे परमेश्वर सीनायवर अग्नीतूनच उतरतो, आणि १ राजे १९ मधला होरेब डोंगर म्हणजे सीनायच. १ राजे १९ पाचव्या ओळीपासून वाचल्याचा आणखी एक फायदा म्हणजे एलीयासाठी निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचा चंबू घेऊन आलेला दूत सुटत नाही. योनाचा मासाही घ्यायचा असेल तर आधी आवृत्त्या जुळवा; १:१७ ही ओळ काहींत २:१ म्हणून छापलेली असते.