ठिपक्यांत खूण लपवताना

छापील चित्र बारीक ठिपक्यांच्या जाळीने बनतं (हाफटोन). त्यात गुप्त खूण घालायची तर ती ठिपक्याच्या आकारात नको, जागेत लपव. खुणेच्या भागातले ठिपके जाळीचं अर्धं घर सरकव. छटा तीच राहते, नुसत्या डोळ्याला पत्ता लागत नाही. त्याच स्क्रीनची (म्हणजे त्याच जाळीची) पारदर्शक फिल्म वर ठेवून जरा हलवली की अक्षरं उमटतात. खरी गोची खुणेच्या कडेला आहे. तिथे ठिपके एकमेकांवर चढतात आणि भिंगाशिवायही बारीक रेघ दिसते. म्हणून कड केसांत, पानांच्या गर्दीत घाल. मोकळ्या आभाळात घालशील तर फसशील.

प्रेसला फाइल मात्र वन-बिट टिफच दे, म्हणजे नुसतं काळं-पांढरं, मधल्या राखाडी छटा नाहीत. ग्रेस्केल दिलीस तर प्रेसचा रिप (फाइलचे छपाईचे ठिपके करणारं सॉफ्टवेअर) स्वतःचे ठिपके पाडतो, मग मुसळ केरात! जेपीईजीचं नावच काढू नकोस. सुरुवातीला ८५ एलपीआय (इंचाला ठिपक्यांच्या ८५ ओळी) बरं, फिल्म जुळवणं सोपं जातं. १५० नंतर बघू.