लाल पेन खाली ठेवा, गुरुजी

(चाळीसगावचे एक निवृत्त शिक्षक लिहितात : मुलगी बी.ए.ला आहे, विषय मराठी. बातम्यांच्या एका पोर्टलसाठी लिहिते. चुकाच चुका! मी रोज प्रिंट काढून लाल पेनाने दुरुस्त करतो, मधेमधे घुसडलेली अहिराणीही काढतो. तरी सुधारणा नाही. हा नाद सोडून तिने बी.एड. करावं, असं तिला समजवा.)

गुरुजी, पत्रात लेकीच्या चुका आहेत, तिला काय करायचंय त्याची एक ओळ नाही. रोज घरातच उत्तरपत्रिका तपासली जात असेल, तर मला तिच्या ऱ्हस्व-दीर्घापेक्षा तिचीच काळजी वाटते.

ती बेफिकीर आहे, हा तुमचा समज चुकीचा आहे. स्वतःचं लिखाण वाचताना डोळे समोरचं वाचत नाहीत, मनातलं वाचतात. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम तोंडपाठ असणाऱ्याचंही तेच होतं. म्हणून तर वर्तमानपत्रात बातमीदार, उपसंपादक आणि मुद्रितशोधक (प्रुफं तपासणारे) वेगवेगळे असायचे. पोर्टलवर तीच मोबाइलवर टाइप करते, तीच प्रसिद्ध करते. मधली माणसं पगार वाचवायला काढली आणि खापर फोडायचं पोरीवर! स्पेलचेकचं म्हणाल, तर रावेरच्या केळीचा भाव १८५०चा १५८० झाला तरी त्याला पत्ता लागत नाही. व्यापारी आणि शेतकऱ्याला मात्र लगेच लागतो.

अहिराणीचं तर मला पटलंच नाही. शेतकरी जसा बोलला तसं तिने लिहिलं, त्यात शुद्ध काय करायचं? ज्यांच्या नावाच्या विद्यापीठाची पदवी ती घेणार आहे, त्या बहिणाबाई कुठल्या प्रमाणभाषेत गात होत्या?

बी.एड. तिला हवं असेल तर करू द्या. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक आहे, लिहिता हात तिथे कामी येईल. नुसत्या पोर्टलच्या लिखाणावर चाळीसगावात घर चालणार नाही, हे मात्र तिला स्पष्ट सांगा. जोडीला अनुवाद आणि प्रकाशकांची कामं धरावी लागतील.

तिच्यासाठी एवढंच : मजकूर रात्रभर ठेव, बातमी असेल तर निदान चहा होईपर्यंत. मग अक्षरं मोठी करून मोठ्याने वाच. नावं, आकडे, तारखा यांच्यासाठी एक वेगळी फेरी मार.

आणि गुरुजी, अगदीच राहवलं नाही तर चूक दुरुस्त करू नका, त्या ओळीसमोर समासात पेन्सिलने टिंब द्या. चूक तिची तिला शोधू द्या. तेही तिने आपणहून वाचायला दिलं तरच.