अमेरिकेत ग्रामीण काउंटीत घर घ्यायचंय, यूएसडीएच्या (अमेरिकी कृषी खात्याच्या) हमीचं कर्ज आम्हाला मिळेल का?

एच-१बी या कामाच्या व्हिसावर असाल तर नाद सोडा. हे कर्ज नागरिकांना किंवा ग्रीन कार्डवाल्यांसारख्या पात्र रहिवाशांनाच मिळतं.

ग्रीन कार्ड असेल तर पुढचं बघा. काउंटी ग्रामीण आहे एवढ्यावर जाऊ नका, पात्रता घराच्या पत्त्यावर ठरते. यूएसडीएच्या साइटवरच्या नकाशात पत्ता टाकला की कळतं. रस्त्याच्या अलीकडचं घर बसतं, पलीकडचं नाही, असंही होतं.

लोक अडकतात ते उत्पन्नापाशी. मर्यादा साधारण त्या भागाच्या मध्यक (मीडियन) उत्पन्नाच्या ११५ टक्के, आणि त्यात घरात राहणाऱ्या सगळ्या प्रौढांची कमाई धरतात. कर्जावर बायकोचं नाव घातलं नाही म्हणून तिचा पगार सुटत नाही! उलट १२ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या डेकेअरचा खर्च त्यातून वजा होतो. पावत्या जपून ठेवा, काठावरची केस कधीकधी तेवढ्यानेच आत येते.

डाउन पेमेंट शून्य. हमी शुल्क १ टक्का, तेही कर्जातच घालता येतं. शिवाय दरवर्षी शिल्लक कर्जावर ०.३५ टक्के. आणि घर स्वतः राहायलाच हवं, भाड्याने द्यायला घेणार असाल तर चालत नाही.