वाचकांचे प्रश्न: ऊन एकीकडे, झळ भलतीकडे

या महिन्यातली बहुतेक पत्रं लांबलेल्या उन्हाळ्यावर आणि पाण्यावरच आहेत. सारखीसारखी होती ती एकत्र केली, नाहीतर मी तेच तेच लिहीत बसलो असतो.

प्रश्न: ऊन वाढतं म्हणून दुष्काळ पडतो की दुष्काळ पडला म्हणून ऊन वाढतं? घरात यावरून चांगलीच जुंपलीय.

दोन्ही बाजूंचं बरोबर आहे, आता भांडण मिटवा. सुरुवात बहुतेकदा हवेकडून होते. उच्च दाबाचा भाग एकाच जागी ठाण मांडून बसतो, वरची हवा खाली उतरते, उतरताना दाबली जाऊन तापते, ढग धरत नाहीत आणि ऊन दिवसभर सरळ जमिनीवर. पण सुरुवातीला आपल्याला सांभाळून घेणारी एक गोष्ट असते, मातीतली ओल. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला पाऊण युनिट विजेपेक्षा जराशीच कमी उष्णता लागते, म्हणजे ओली जमीन आणि हिरवी झाडं उन्हातली बरीचशी उष्णता या कामात जिरवत असतात आणि हवा तेवढी कमी तापते. ओल संपली की हे कामच बंद. मग सगळी उष्णता हवा तापवायला मोकळी, आणि तापलेली हवा अजून तहानलेली, कारण एका अंशामागे हवेत साधारण 7 टक्के जास्त वाफ मावते, म्हणून ती तळी, पानं, माती जिथून मिळेल तिथून पाणी ओढत राहते. व्याजावर व्याज चढतं ना, तसंच. युरोपात 2003 चा वसंत ऋतू कोरडा गेला होता, ऑगस्ट इतका भयानक तापला त्यामागे ही सुकलेली मातीही होती.

प्रश्न: दुपारी आम्ही बाहेर पडतच नाही, तरी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्रास का होतो?

कारण उष्णतेची लाट आली की आपण दुपारकडे बघतो आणि रात्र विसरतो. अंगातली उष्णता बाहेर टाकायला हृदय कातडीकडे जास्त रक्त ढकलत असतं, दिवसभराचा हा शीण रात्री गारव्यात उतरायला हवा. पण सिमेंट आणि डांबर दिवसा पिऊन ठेवलेलं ऊन रात्रभर सोडत राहतं, खोली गार होतच नाही, आणि असे चार-पाच दिवस ओळीने गेले की अशक्त शरीर हार मानतं. युरोपात 2003 च्या उन्हाळ्यात नेहमीपेक्षा 70,000 हून जास्त माणसं दगावली, त्यात वयस्कर खूप होते, कितीतरी जण आपल्याच घरात. मृत्यूच्या दाखल्यावर ऊन हा शब्द क्वचितच येतो हेही लक्षात घ्या, तिथं हृदय, मूत्रपिंड, फुप्फुसं असंच काहीतरी लिहिलेलं असतं. आकडा कळतो तो नंतर, नेहमीच्या वर्षांशी तुलना केल्यावर.

पंखा लावला की भागतं का, असं तिघांनी विचारलंय. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की 40 अंशांच्या वर पंख्यावर विसंबू नका, इतकी गरम हवा अंगावर आली तर शरीर उलट तापतं. कपडे, मान, हात ओले करा. आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं तर विचार करत बसू नका, अँब्युलन्स बोलवा आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी टाकत राहा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

प्रश्न: मी शहरात राहतो, शेती नाही, नळाला पाणी आहे. माझं काय बिघडतं?

प्रश्न थोडा तोऱ्यात विचारलाय, पण विचारलात ते बरं केलंत.

2022 च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत काउब इथं ऱ्हाईन नदीची पातळी 40 सेंटीमीटरच्या खाली गेली. ही मोजपट्टीवरची पातळी आहे, पूर्ण खोली नाही, तरी मालाच्या बोटी अर्ध्याहून जास्त रिकाम्या चालवाव्या लागल्या, आणि त्या बोटींवर कोळसा, इंधन, रसायनं असतात. त्याच उन्हाळ्यात फ्रान्समधल्या काही अणुवीज केंद्रांना उत्पादन कमी करावं लागलं, कारण अणुभट्टी गार करायला घेतलेलं पाणी नदीत गरम होऊन परत जातं आणि नदी आधीच तापलेली होती. म्हणजे एसी, कूलर सगळे एकदम चालू आणि वीज मात्र कमी. 2023 मध्ये पनामा कालव्याला पाणी पुरवणारा तलाव आटला तर रोजची जहाजंच कमी करावी लागली, आणि त्या रांगेत कुणाचा माल अडकेल सांगता येत नाही. रशियात 2010 साली लाटेत गहू करपला, सरकारने ऑगस्टमध्ये निर्यात थांबवली, तर जगभर गव्हाचे भाव चढले. बिलं तर तुम्हीही भरता ना?

पिकाचं एक सांगतो. मक्याच्या तुऱ्यातले पराग कणसाच्या केसांवर पडायला मोजकेच दिवस असतात, नेमक्या त्याच दिवसांत कडक ऊन आणि कोरडी माती आली तर पराग मरतात, केस उशिरा बाहेर येतात, आणि कणसाला मधूनमधून दात पडल्यासारखे दाणे लागतात. लांबून शेत हिरवंगार दिसतं बरं का.

प्रश्न: अंगणातल्या झाडाची निम्मी पानं गळाली. मेलं का?

बहुतेक नाही. पाणी वाचवायला झाड स्वतःच पानं टाकतं. फांदीची साल नखाने जरा खरवडून बघा, आत हिरवं असेल तर जीव आहे. पाणी खोडाशी ओतू नका, फांद्यांच्या घेराखाली सावकाश मुरू द्या.

प्रश्न: पाऊस पडला की हे सगळं संपतं ना? आमच्याकडे परवा पडला आणि आता भिंतीची भेग वाढलीय!

पाऊस पडला म्हणजे दुष्काळ गेला असं नाही. टणक झालेली जमीन पहिलं पाणी आत घेतच नाही, ते वरच्यावर वाहून जातं, सोबत वणव्यांची राख आणि घाणही नदीत नेतं, आणि भूजल भरायला महिने, कधी वर्षं लागतात. झाडं तर मागून मरतात. कॅलिफोर्नियातल्या 2012 ते 2016 च्या दुष्काळात 10 कोटींहून जास्त झाडं गेली, बरीचशी थेट तहानेने नाही तर साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांमुळे, कारण पाण्याविना झाडाला चीकही पुरेसा करता येत नव्हता आणि त्या चिकानेच तर ते किड्याला अडवतं.

आता तुमची भिंत. चिकणमाती सुकली की आकसते, ओली झाली की फुगते. उन्हाळ्यात पाया एका बाजूने थोडा खचला असेल आणि आता माती फुगताना तीच बाजू वर ढकलत असेल, त्यामुळे भेग कधी वाढते कधी मिटते. लगेच प्लास्टर करून घेऊ नका, पैसे वाया जातील. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खूण करा, अंतर मोजून तारीख लिहा, दर पंधरा दिवसांनी परत मोजा. अंतर वाढतच राहिलं किंवा दारं चौकटीत अडकायला लागली तर मात्र इंजिनिअरला बोलवा, गवंड्याला नाही.