पॉप-अप सूचना : परवानगी मागायची घाई नको

वेब ॲपमधल्या सूचनांबद्दल आलेल्या बहुतेक पत्रांत एकच गल्लत दिसते. पानातच उमटणारी सूचना (टोस्ट म्हणजे काही क्षण दिसून जाणारी छोटी सूचना, पट्टी, किंवा डायलॉग म्हणजे उत्तर मागणारा चौकोन) वेगळी आणि ब्राउझरमार्फत येणारी पुश सूचना वेगळी. पहिलीला कुणाची परवानगी लागत नाही, पण ती ॲप उघडं असतानाच दिसते. दुसरी ॲप बंद असतानाही येते, म्हणून तिला वापरकर्त्याची परवानगी, एचटीटीपीएस (साइटची सुरक्षित जोडणी) आणि सर्व्हिस वर्कर (पान बंद असतानाही ब्राउझर चालवू शकतो ती स्क्रिप्ट) हे सगळं लागतं. यांतली कोणती हवी, ते आधी ठरवा.

‘माहिती सेव्ह झाली’ हे सांगायला जावास्क्रिप्टचा अलर्ट चालेल का? — विद्यार्थी, गंगापूर रोड

नाही. तो चौकोन ‘ओके’ दाबेपर्यंत पानाचं काम अडवून धरतो आणि त्याचं रंगरूपही बदलता येत नाही. टोस्ट वापरा.

कांद्याचे भाव कळवणारं वेब ॲप आहे. पान उघडताच सूचनांची परवानगी मागतो, तरी फार थोड्यांना सूचना जातात. सर्व्हर बदला असा सल्ला मिळालाय. एक विक्रेता ‘ब्लॉक केलेले ग्राहक परत मिळवून देतो’ म्हणतो. — लासलगाव

सर्व्हरचा इथे काही संबंध नाही. उलट सर्व्हरबरोबर डोमेन (साइटचा पत्ता) बदललंत, तर ज्यांनी होकार दिलाय तेही हातचे जातील, कारण परवानगी त्या डोमेनपुरतीच असते. विक्रेत्याला पैसे देऊ नका. एकदा ‘ब्लॉक’ दाबलं की साइटला पुन्हा विचारता येत नाही. ते फक्त वापरकर्ता स्वतः सेटिंग्जमध्ये जाऊन बदलू शकतो. दुसऱ्या कुणाच्या हातात ते नाही.

चूक पान उघडताच विचारण्यात आहे. शेतकऱ्याने अजून भावही पाहिलेला नाही, तो होकार कशाच्या भरवशावर देईल? ब्राउझरवाल्यांनाही याचा वीट आला. 2020च्या जानेवारीत आलेल्या फायरफॉक्स 72 पासून वापरकर्त्याने काही दाबल्याशिवाय परवानगी मागणारा चौकोन उघडतच नाही. जिथे बहुतेक लोक नकार देतात, अशा साइटचा चौकोन क्रोमही बारीक करून टाकतं.

भावाशेजारी ‘हा भाव मला कळवा’ असं बटण द्या. ते दाबल्यावर तुमच्याच पानात विचारा: कोणती बाजार समिती, लाल कांदा की उन्हाळ, रोज की क्विंटलमागे ठरावीक फरक पडला तरच? हे निवडून झाल्यावरच ब्राउझरची परवानगी मागा. सूचना बंद करण्याची सोयही तिथेच हवी. काही बदलण्याआधी किती जणांनी होकार दिला आणि किती जणांनी नकार, याची नोंद जाणकार डेव्हलपरला दाखवा. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये सूचना सर्व्हिस वर्करमधूनच पाठवावी लागते, तेही त्याच्याकडून तपासून घ्या.

आयफोनवर पुश येते का? — द्राक्ष बागायतदार, दिंडोरी

येते. आयओएस 16.4 किंवा पुढचं हवं आणि ॲप होम स्क्रीनवर जोडलेलं हवं.

मशीनच्या तापमानाचा इशारा तीन सेकंदांत नाहीसा होतो. वेळ, रंग, जागा ऑपरेटरला बदलू द्यावी का? — सातपूर

जागा, अक्षराचा आकार आणि साध्या सूचनांचा वेळ जरूर बदलू द्या. इशारा मात्र ‘पाहिलं’ दाबेपर्यंत हलता कामा नये. नुसत्या लाल-हिरव्यावर भिस्त नको, अनेकांना तो फरक दिसत नाही. चिन्ह आणि शब्दही द्या. स्क्रीन रीडरसाठी (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) साध्या सूचनेला ‘स्टेटस’ आणि तातडीच्या सूचनेला ‘अलर्ट’ हा रोल (सूचनेचा प्रकार सांगणारी कोडमधली खूण) द्या. तीन पाळ्यांत एकच संगणक वापरत असाल, तर प्रत्येकाची पसंती त्याच्या लॉगिनखाली सर्व्हरवर साठवा. ब्राउझरमध्ये ठेवलीत तर एकाची दुसऱ्याच्या माथी बसेल. आणि पॉप-अप म्हणजे भोंगा नव्हे. कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नका.

आमच्या लॉजच्या साइटवरचं प्लगइन ‘फक्त 2 खोल्या शिल्लक’ असं आपोआप दाखवतं. सिंहस्थात ठेवावं का? — पंचवटी

खोल्या खरोखर दोनच नसतील तर आजच काढा. सगळेच करतात, हे उत्तर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2023च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा खोट्या घाईचा स्पष्ट उल्लेख आहे. बाकीचे मजकूरही वकिलाच्या नजरेखालून घाला.

ग्राहकाने लिहिलेलं नाव सूचनेत दाखवताना काय जपावं? — सिडको

ते इनर-एचटीएमएलने (मजकूर कोड म्हणून वाचणारी पद्धत) घालू नका, टेक्स्ट-कंटेंटने (नुसता मजकूर म्हणून दाखवणारी) घाला. नाहीतर नावाच्या जागी कुणी घातक कोड लिहिला तर तो चालू शकेल. सुरक्षेची तपासणी ॲप लोकांपुढे जाण्याआधी करून घ्या, ‘नंतर बघू’ म्हणू नका.