मार्चमध्ये घरी भाजीपाला सुरू करू का? घरचे म्हणतात परवडत नाही

तुम्ही विचारलंय की जळगावात भाड्याचं घर आहे, वरची गच्ची मोकळी आहे, दहा हजार खर्च करायची तयारी आहे, तर कोणतं किट घेऊ आणि आत्ता मार्चमध्ये काय काय लावू. आणि शेवटी एक ओळ टाकलीय, "मिस्टर म्हणतात बाजारात इतकी स्वस्त भाजी मिळते, हे परवडणारच नाही." किटचं सांगतेच, पण मी लिहायला बसलेय ती या शेवटच्या ओळीमुळे. हे वाक्य मी माझ्या माहेरी २०१८ पासून ऐकतेय.

किट घेऊ नका. दहा हजार तर अजिबात घालू नका, पहिल्या वर्षी हजाराच्या वर खर्च झाला तर तुम्ही चुकीच्या दुकानात गेलात असं समजा.

मी जळगावातच राहते, शाळेत शिकवते. माहेर अमळनेर तालुक्यात, बोरीच्या काठाला, घरची शेती, कापूस आणि दादर ज्वारी. २०१८ च्या मार्चमध्ये मी तुमच्यासारखंच ऑनलाईन किट मागवलं, काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या, कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, विटा, बियांची पाकिटं, सगळं धरून ४,००० रुपये गेले. पाकिटांत काय होतं तर ब्रोकोली, लेट्यूस, चेरी टोमॅटो आणि सिमला मिरची. मार्चअखेर जळगावच्या गच्चीवर ब्रोकोली! पाकिटावर 'वर्षभर लावता येते' असं छापलं होतं आणि मी विश्वास ठेवला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रोपं दोन-दोन बोटं झाली, दुसऱ्या आठवड्यात ऊन बेचाळीसच्या पुढे गेलं आणि नुसतं कोकोपीट सकाळी भिजवलं की दुपारी कोरडं, काळ्या कुंडीला हात लावला तर चटका बसायचा, मुळं आत अक्षरशः शिजली. एक टोमॅटो तेवढा वाढला, त्याला फुलंही आली, पण एवढ्या उन्हाळ्यात टोमॅटोचं फूल टिकत नाही, गळून जातं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्याच सुमारास आखाजी होती, म्हणजे अक्षय्य तृतीया. खान्देशातल्या लेकींना आखाजी म्हणजे काय ते सांगायला नको. मी माहेरी गेले, झोक्यावर बसलेली असताना वहिनीला सहज म्हणाले की माझी रोपं जळाली, वाईट वाटतंय. दादा ओट्यावर होता, त्यानं ऐकलं आणि सगळ्यांसमोर, पाहुणे बसलेले, मोठ्यानं म्हणाला, "कुंडीमा कोठे वांगा लागतस का बाई? वीस रुपया किलो वांगा शेतस बजारमा, अन् तू चार हजार टाकी दिनात!" सगळे हसले. मला राग हसण्याचा नाही आला. राग याचा आला की शेतीतलं काही बोलायला गेलं की या घरात मला लहानपणापासून 'तुला काय कळतं त्यातलं' हेच ऐकायला मिळालंय, निंदणीला मात्र मी चालत होते, कापूस वेचायला चालत होते.

माय काही बोलली नाही. दुपारी सगळे आमरस-पोळी खाऊन आडवे झाल्यावर तिनं मला आतल्या खोलीत नेलं, फळीवरच्या डब्यातून एक फडकं काढलं, त्यात राखेत घोळलेलं भरताच्या वांग्याचं बी होतं. एवढंच म्हणाली, "उनमा काय लावस? मिरिग लागू दे, मंग लाव." मिरिग म्हणजे मृग नक्षत्र.

आता ऐका, कारण तुमच्या मिस्टरांना उत्तर द्यायचं असेल तर ते इथे आहे. दादाकडे एक लाल वही आहे, बाबांची होती, आता तो लिहितो. तिच्यात बियाणं, खत, फवारणी, मजुरी, जिनिंगवाल्यानं दिलेला भाव, सगळं तारखेनिशी. त्या वहीत मायचं गिलकं, म्हणजे घोसाळं, कुठेच नाही. मोरीच्या सांडपाण्यावर भिंतीवर चढवलेला गिलक्याचा वेल, उकिरड्याच्या कडेला डांगर (लाल भोपळा), कुंपणावर वालाच्या शेंगा, कापसाच्या बांधाला अंबाडी, दाराशी दहा-बारा मिरच्यांची झाडं. नऊ माणसांच्या घरात पावसाळा ते होळी आम्ही बाजारातून आणायचो ते कांदे-बटाटे आणि कधी कोबी. पैसे दिले नाहीत म्हणून खर्च लिहिला नाही, आणि खर्च लिहिला नाही म्हणून उत्पन्नही लिहिलं नाही. चाळीस वर्षं त्या घरात घरची भाजी परवडली आणि वहीला पत्ताच नाही. आणि तोच माणूस मला सांगतो की घरची भाजी परवडत नाही!

असो, मी ते बी लावलं. यावेळी कुंड्या विकत घेतल्या नाहीत. पेंटरकडून वीस लिटरच्या रिकाम्या बादल्या आणल्या, घासून धुतल्या, बुडाला पाच-सहा भोकं पाडली. माती दादाच्याच शेतातली. इथे दादाचं एक म्हणणं खरं होतं ते सांगते, तो म्हणाला होता की आपली काळी माती नुसती बादलीत भरशील तर वीट होईल. तसंच होतं. पाणी घातलं की फुगते, चिकट होते, वाळली की आवळून बादलीची कड सोडते आणि मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं, मुळाला काही मिळत नाही. म्हणून एक भाग काळी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग रेती आणि पालापाचोळा. शेणखत वर्षभर जुनं, हातात भुसभुशीत लागेल आणि वास येणार नाही असंच घ्या. ताज्या शेणात हुमणी निघते, ती मुळं खाते, शिवाय कच्चं शेण कुजताना तापतं.

जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर एका जुन्या परातीत बी टाकलं, पाचव्या आठवड्यात रोपं बादल्यांत लावली, एका बादलीत एकच रोप. चार बादल्या. ऑगस्टमध्ये शेंडे माना टाकायला लागले, पाणी भरपूर असून फक्त शेंडा सुकलेला. ती शेंडेअळी, पुढे हीच फळात शिरते. दादाला फोन केला तर त्यानं लगेच औषधाचं नाव सांगितलं. मी नाही मारलं. सुकलेला शेंडा दोन बोटं खालून कापायचा, आत अळी असते, ती चिरडायची, आणि आठ दिवसांनी निंबोळी अर्क संध्याकाळी फवारायचा. एक लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड, रात्रभर भिजवून गाळून, थोडं साबणाचं पाणी घालून. चाळीस एकरवाल्याला एकेक शेंडा कापत फिरणं जमणार नाही हे मान्य, पण चार झाडं रोज सकाळी चहा घेताना बघून होतात. हाच तर फरक आहे, आणि हे दादाला मी किती वेळा सांगितलं.

नोव्हेंबरात वांगी धरली. हिरवी, पांढुरक्या रेघांची, हातात मावणार नाहीत अशी. आमच्याकडे चातुर्मासात वांगं खात नाहीत, चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की मग सुरू. त्या चंपाषष्ठीला मी माझ्या बादलीतली पाच वांगी पिशवीत घालून माहेरी नेली. मायनं ती हातात घेऊन फिरवून बघितली, कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजली, लाकडी बडगीत मिरची-लसूण घालून ठेचली आणि तेच भरीत नैवेद्याच्या ताटात वाढलं. शेतातली वांगी घरात पडलेली होती तरी. दादानं तळी उचलली, प्रसाद खाल्ला, दुसऱ्यांदा भरीत मागून घेतलं. बोलला काही नाही. नंतर मी निघताना म्हणाला की चवीला बरं आहे पण तापीकाठच्या काळ्या रानातल्यासारखं नाही. त्यावर मी वाद घातला नाही. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते या भागातल्या जमिनीचं आणि हवेचं, माझ्या पेंटच्या बादलीचं नाही. पण वांगं लागलं ना कुंडीत? प्रश्न तो होता.

चार झाडांवर फेब्रुवारीपर्यंत सगळी मिळून साधारण ९ किलो वांगी निघाली, मी वजन करून वहीत लिहीत होते. दादाच्या वीस रुपये किलोच्या हिशोबानं ती एकशे ऐंशी रुपयांची. माझा खर्च झाला १६० रुपये, बादल्या आणि रेती. दुसऱ्या वर्षी तोही नाही. आणि मी फक्त वांगी मोजलीत, बाजूच्या तेलाच्या आडव्या कापलेल्या डब्यांतली मेथी-कोथिंबीर नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी मी कोथिंबिरीची जुडी विकत आणलेली नाही.

आता तुमचं काम. मार्च आहे, तर पालेभाजीच्या नादी लागू नका, मेथी-पालक दसऱ्यानंतर, टोमॅटोही तेव्हाच. आत्ता दोनच गोष्टी लावा, गिलकं आणि भेंडी. फार तर पोकळा, तो उन्हात तग धरतो. गिलक्याचं बी रात्रभर भिजवा, मोठ्या बादलीत दोन बिया, वेल गच्चीच्या कठड्यावर किंवा दोरीवर चढवा. आधी नरफुलंच येतील आणि गळतील, घाबरू नका, मागाहून बारीक गिलकं धरलेली मादीफुलं येतात. मधमाशा नसतील तर सकाळी नरफूल तोडून मादीफुलावर घासा. सरळ उन्हाला जुनी सुती साडी दुहेरी बांधा, हिरवी जाळी आणायची तर पन्नास टक्के सावलीची. पाणी सकाळी लवकर आणि उन्हं उतरल्यावर. मातीवर केळीच्या वाळक्या पानांचा थर द्या, आपल्याकडे ती फुकट मिळतात, त्यानं एक वेळचं पाणी वाचतं. नळाला पाणी रोज येत नसेल तर तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी साठवून घाला. आरओचं फेकायचं पाणी आणि खारं बोअरचं मात्र रोज नको, कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसायला लागला की समजा क्षार साचलेत.

बी देशी घ्या. हायब्रिडचं बी धरून ठेवलं तर पुढच्या वर्षी भलतंच काहीतरी निघतं. देशी वांगं बहुतेक स्वतःच्याच परागावर धरतं, एक चांगलं फळ झाडावरच पिवळं होऊ द्यायचं, त्यातलं बी धुऊन सावलीत वाळवून राखेत ठेवायचं, झालं. मी तेच करते, अजून मायचंच बी चालू आहे.

एक राहिलंच, हे खरं तर आधी लिहायला हवं होतं, घर भाड्याचं आहे तर घरमालकाला विचारा. ओली माती भरलेली बादली तीस किलोच्या आसपास जाते, स्लॅब जुना असेल तर मधोमध मांडू नका, भिंतीच्या कडेनं ठेवा आणि खाली विटा द्या, म्हणजे पाणी साचून गळती होणार नाही. आणि वर्षातून दोन महिने गावाला जात असाल आणि पाणी घालणारं कोणी नसेल तर भाजीपाल्याचं खरंच परवडत नाही, तेव्हा तुमचे मिस्टर बरोबर.

दादाशी माझं अजून मिटलेलं नाही. गेल्या आखाजीला पुन्हा तोच हिशोब निघाला, मी म्हटलं आधी लाल वहीत मायचं गिलकं लिही, मग बोलू. तो उठून गोठ्यात गेला. वहिनीनं मात्र जाताना हळूच विचारलं की बादलीला भोकं किती पाडायची.

वांग्याचं बी हवं असेल तर मे अखेरीला इथेच सांगा, चिमूटभर देईन, चार-पाच बादल्यांना तेवढं पुरतं. त्याआधी नको, मिरिग लागल्याशिवाय लावायचंच नाही.